खालच्यांच्या वूफरची कंपनी

८ सप्टेंबर २०१४, सोमवार

संध्याकाळी विसर्जनाची मिरवणूक आमच्या इमारतीखालून गेली. टेम्पोवर कपाटाएवढे स्पीकर. काचा थरथरल्या, मांडणीतल्या वाट्या एकमेकींवर वाजायला लागल्या. मी नेहमीप्रमाणे बडबड करत बाल्कनीचं दार लावायला गेले, तर हे तिथेच उभे. डावा हात कठड्यावर, आणि त्या हाताची बोटं हलत होती!

गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर ही बोटं डॉक्टरांनी सांगितलं की हलतात, फिजिओथेरपीवाल्या मुलीने दटावलं की हलतात. आपणहून हलताना मी आज पहिल्यांदा पाहिली. मी दार न लावता मागे फिरले. कान किटले तर किटले.

नोकरी सांभाळून ह्या माणसाने सगळं आयुष्य तबल्याची साथ केली. भजन असो, नाट्यसंगीत असो, कुणाच्या मुलीची परीक्षा असो, 'दीनानाथ आहेत ना?' असं आधी विचारायचे. झटका आला आणि डावा हात गेला. डावा म्हणजे डग्ग्याचा. मार्चमध्ये एकदाच ह्यांनी जोडी बाहेर काढली. डग्ग्यावर हात पडला तो ओल्या फडक्यासारखा. मी उठून स्वयंपाकघरात कांदा चिरायला गेले. दुसऱ्या दिवशी जोडी बासनात बांधून हे कुणाला तरी देऊन आले. कुणाला, ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हापासून घरात गाणंही नाही. मुलाने, वरदने, पाठवलेला सेट आहे, दोन छोटे स्पीकर आणि मधला डबा. सीडी लावली की हे पाच मिनिटांत बंद करतात. म्हणतात, "शशी, ह्यात डग्गाच नाही. नुसती टिकटिक. घड्याळ ऐकत बसल्यासारखं वाटतं."

आज ती बोटं बघितली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्यांना डग्गा ऐकवायला हवा. नीट, घुमाऱ्यासकट. लगेच बंगळुरूला फोन लावला. वरद म्हणाला, "आई, छोट्या स्पीकरना खालचे आवाज झेपत नाहीत. एक सबवूफर जोड. बजेट किती?"

"भिशीचे पाच हजार आहेत. वर एक रुपया नाही."

तो हसला. हसू दे. दसऱ्याला ह्या घरात डग्गा वाजणार, मग तो डब्यातून का होईना.

१० सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष लागला. ह्या दिवसांत कुणी नवी वस्तू घेत नाही, त्यामुळे दुकानदार माश्या मारत बसलेले असतात. घ्यायचं दसऱ्याला, पण ऐकायचं आत्ता, असा बेत केला. ऐकण्यावर तर पितरांची काही हरकत नसावी.

पनवेलला टपाल नाक्याकडे धर्मराज नावाच्या गृहस्थांचं दुकान आहे. गेल्यागेल्या त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक स्फोट ऐकवला. मग हेलिकॉप्टर. मग पुन्हा स्फोट. "काकू, फील घ्या, फील!"

फील घेतला. पोटातला चहा हलला. मग पिशवीतून माझी सीडी काढून म्हटलं, "आता ही लावा. एकल तबला, विलंबित." धर्मराज माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी कापडाच्या दुकानात जाऊन कोथिंबीर मागितली.

पहिल्या डब्यातून डग्गा आला तो नुसता घुंऽऽ करत. कुठलाही बोल वाजवा, हा एकच सूर धरून बसलेला. "हा डग्गा नाही, हा हंबरतोय," मी म्हटलं. तो डबा परत खोक्यात गेला.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सदतीस वर्षं कानाला हेडफोन लावून काढली आहेत मी. खरखरीतूनही पलीकडचा माणूस हसतोय की रडतोय ते ओळखायचे. माझ्या कानाला फसवणं सोपं नाही, हे धर्मराजांना कळलं असावं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज गंमत झाली. दुपारी चहाच्या आधी हे फिरायला गेले (हल्ली रोज जातात, चांगलं आहे), घर शांत होतं, आणि खालून आवाज यायला लागला. धप्. धप्. मग जरा थांबून गुम्. जमिनीतून येत होता, पावलांना कळत होता.

खाली तिसऱ्या मजल्यावर अय्यूबभाई आणि जमिला राहतात. अय्यूबभाई बरीच वर्षं कुवेतला होते. येताना भलामोठा म्युझिक सेट आणला, असं जमिलाने आम्ही इथे राहायला आलो तेव्हाच सांगितलं होतं. तोच असणार. वरचे बारीक आवाज काहीच ऐकू येत नव्हते, फक्त खालचे. म्हणजे अर्थ सरळ आहे. वूफर!

पण त्यांचा वूफर बिघडलाय. आवाज फुटतो, ठेका मध्येच सांडतो. कॅसेट अडकत असेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ह्यांच्या डाव्या तळव्याला आणि बाहीला पांढरी पावडर लागलेली दिसली. माझ्या लगेच लक्षात आलं. म्हणे फिरायला जातो! सेक्टरमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या खोलीत जाऊन कॅरम खेळतात. बोलले मात्र नाही. कॅरमने बोटांना व्यायामच होतो. आणि नवऱ्याला एखादं गुपित असू द्यावं, त्याने तो ताजा राहतो.

माझा पावडरचा डबा मात्र इतक्यात कसा संपला, कळत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

दुपारभर पाऊस. हे छत्री न घेता फिरायला गेले आणि कोरडे ठणठणीत परत आले.

"भिजला नाहीत?"

"थेंबांच्या मधून मधून गेलो," हे म्हणाले.

चेष्टा करायला लागले आहेत. दीड वर्षाने! मी भजी केली.

२० सप्टेंबर, शनिवार

खालच्यांनी वूफर दुरुस्त करून घेतला, नक्की. आज दुपारी आवाज असा काही गोल आला की मी हातातली भाजी तशीच ठेवली. घे... घेऽ... डग्गाच! मनगटाने दाबून स्वर वर नेतात ना, तशी एक मींड आली. थोडी थरथरली, पण आली. अय्यूबभाईंना गझलांचा शौक आहे, साथीचा तबला असेल.

आवाज नेमका कुठून चांगला येतो ते बघायला फरशीला कान लावला. सोफ्यापाशी कमी, दारापाशी बरा, खिडकीखालच्या कोपऱ्यात सगळ्यांत भरदार. अशी गुडघ्यांवर सरकत कोपऱ्यात पोचले, तोच भामा कामाला आली.

"अगं बाय! बाई, तुमी पडल्या का काय?"

"पडले नाही गं, ऐकतेय."

तिनेही बादली ठेवली आणि शेजारी कान लावला. बराच वेळ ऐकून म्हणाली, "पिठाची गिरन घातली काय तेंनी? पन चांगली हाय. गिरन असून तालात हाय."

दोघी तशाच पडून होतो. उठताना एकमेकींचा हात धरावा लागला.

एवढंच वाईट वाटतं की हे घरी असताना तो सेट कधीच लागत नाही. हे बाहेर पडले की लागतो, हे यायच्या आधी बंद. एकदा ऐकवायचा होता ह्यांना.

२२ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा धर्मराज. आता मला नमुना मिळाला आहे, त्यामुळे मी ठाम. तीन डबे ऐकले. एकाला पुढे भोक आहे, तो वारा सोडल्यासारखा फुसफुसतो. एकाला निळा दिवा आहे, बाकी काही नाही. तिसरा आठ इंची, चहूबाजूंनी बंद, दिसायला अगदी गरीब. त्यात डग्गा लागला की लागतो आणि थांबला की थांबतो. मागे एक बटण आहे, छोट्या स्पीकरचं काम कुठे संपावं आणि डब्याचं कुठे सुरू व्हावं ते ठरवणारं. ते मी स्वतः फिरवलं. एक्स्चेंजला आम्ही कॉल जोडायचो तसंच आहे, सांधा कानाला कळता कामा नये.

तरी म्हटलं, "चांगला आहे. पण आमच्या खालच्यांच्या सेटसारखा नाही. त्याचा डग्गा श्वास घेतो."

धर्मराजांनी हात जोडले. "काकू, श्वास घेणारा बॉक्स पाच हजारांत येत नाही. तुमच्या खालच्यांचा लाखाचा असेल. कंपनी विचारून या, त्यांचं एखादं जुनं मॉडेल मिळतं का बघतो."

हे पटलं. कंपनी विचारून घ्यायला हवी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल घट बसले. आज जमिला जिन्यात भेटली. म्हटलं, "तुमचा सेट छान वाजतो हो हल्ली."

ती एकदम कावरीबावरी झाली. "आमचा? अल्ला! वहिनी, तरास होतो का तुम्हाला? मी यांना सांगते."

"त्रास कसला, मी तर वाट बघत असते दुपारची."

तिने माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि "दूध गॅसवर आहे" म्हणून आत पळाली. हातात तर बाजाराची पिशवी होती. बिचारीला वाटलं असेल मी टोमणा मारतेय. माझा आवाजच तसा आहे, वरदही म्हणतो.

२९ सप्टेंबर, सोमवार

मन लागत नाही. समजा डबा आणला, लावला, आणि हे पाच मिनिटांनी पुन्हा उठून बंद करून आले तर? मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही. गाणं गेलं ते गेलं, असं मानून ह्या घरात टीव्हीच्या बातम्या ऐकत राहायचं. मला ते नको आहे. मला माझा नवरा परत हवा आहे, जेवताना ताटाच्या कडेवर ठेका धरणारा आणि माझ्याकडून त्यावरून बोलणी खाणारा.

लिहून टाकलं. बरं वाटलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज सगळं क्रमाने लिहिते.

उद्या दसरा. आज कंपनी विचारलीच पाहिजे, म्हणून हे फिरायला गेल्यावर थोड्या वेळाने मी खाली उतरले. सेट चालू होता. दारातून तर फारच सुंदर ऐकू येत होता, आज तबलाही कळत होता. बेल वाजवली.

जमिलाने दार उघडलं आणि दारातच आडवी उभी राहिली. "वहिनी! तुम्ही? आत्ता?" मग मान वळवून मोठ्याने, "अहो, वरच्या वहिनी आल्यात!"

आवाज खटकन बंद.

"बंद नका करू हो," मी म्हटलं. "मी त्यासाठीच आलेय. ह्यांच्यासाठी उद्या वूफर घ्यायचाय, तर अगदी तुमच्यासारखाच हवा. दुकानदार म्हणाला कंपनी विचारून या. कोणत्या कंपनीचा आहे?"

जमिलाला जे हसू फुटलं, ते दाराला धरून, भिंतीला धरून, शेवटी चपलांच्या कपाटावर बसून ती हसली. डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, खुदा कसम, कंपनी तुमच्याच घरची आहे. जा, आत जाऊन बघा."

आत गेले. कोपऱ्यात तो कुवेतचा सेट होता, त्यावर क्रोशाचं झाकण आणि झाकणावर फुलदाणी. खिडकीखाली गादी. गादीवर हे. डावी बाही कोपरापर्यंत वर, तळव्याला पांढरी पावडर, समोर आमचीच जोडी. समोर अय्यूबभाई मांडीवर मात्रा मोजत होते, ते तसेच हात वर धरून थांबले.

ज्येष्ठ नागरिकांचा कॅरम!

मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "तुम्ही फिरायला गेला होतात ना?"

"आलो की एक मजला," हे म्हणाले.

अय्यूबभाई घाईघाईने म्हणाले, "वहिनी, भाईंचा काही कसूर नाही. जोडी माझ्याकडे ठेवायला आणली होती. मी म्हटलं, ठेवायला कशाला, वाजवायला या. ह्या सेटला तर केव्हाची वाचा नाही. घरात काहीतरी वाजू दे."

मी ह्यांच्याकडे वळले. "आणि मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

हे डग्ग्याची वादी नीट करत बसले. मग म्हणाले, "शशी, मार्चमध्ये तू कांदा चिरायला आत गेलीस."

"मग?"

"घरात कांदा नव्हता. सकाळी तूच मला आणायला सांगितला होतास आणि मी विसरलो होतो. तू आत रडत असलीस की मला ठेका धरता येत नाही गं. म्हटलं, हात जरा ऐकण्यासारखा होऊ दे."

सदतीस वर्षं हेडफोन! पलीकडचा माणूस ओळखणारी मी! तीन आठवडे माझ्या नवऱ्याचा हात माझ्या पायाखाली वाजत होता आणि मी त्याची कंपनी विचारत फिरत होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि मी दोन्ही एकदम करत होते. जमिलाने मला पाणी दिलं.

"आता रडतेयस," हे म्हणाले.

"हे वेगळं आहे," मी म्हटलं. "वाजवा तुम्ही."

"मग बस इथे. ताल दे."

मी बसले. ताल दिला. केरवा लावला ह्यांनी, साधा. डग्गा मधेच एकदा घसरला, पण पुढच्या समेला बरोबर येऊन पोचला, आणि अय्यूबभाई "वा भाई, वा!" करून ओरडले. एवढं सुख मला वरद पहिल्या नंबराने पास झाला तेव्हाही झालं नव्हतं. वरदला हे सांगायचं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा

मी म्हटलं, आता वूफर कशाला, पैसे ठेवून देऊ. तर हे म्हणाले, "वा! दसऱ्याचा डबा येणारच. मला माझा एकट्याचाच डग्गा ऐकत बसायचा आहे का? मोठ्या तबलजींचेही ऐकायचे आहेत, चुकतो कुठे ते कळेल."

दोघं दुकानात गेलो. आज तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. धर्मराजांनी सवयीने आधी स्फोट लावला. हे शांतपणे म्हणाले, "युद्ध संपलं की सांगा, मग तबला ऐकू." मग डावा तळवा डब्यावर ठेवून, डोळे मिटून सीडी ऐकली. निळ्या दिव्यावर ठेवला, काढला. भोकवाल्यावर ठेवला, काढला. त्या गरीब, बंद, आठ इंचीवर ठेवला आणि ठेवूनच राहिले.

"हा," हे म्हणाले. माझी निवडही तीच होती. मी धर्मराजांकडे असं पाहिलं की त्यांनी लगेच झेंडूची एक माळ फुकट दिली.

"मग काकू, खालच्यांच्या कंपनीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"ती कंपनी मी पूर्वीच घेतलीय," मी म्हटलं. "एकोणऐंशी साली, मांडवात." हे इतके लाजले की पावती घ्यायची विसरले.

घरी पूजेला तबला, डग्गा आणि वूफर एका ओळीत मांडले. एक्स्चेंजमधून निवृत्त होताना आणलेला माझा जुना हेडफोनही शेजारी ठेवला. त्याने आज सगळ्यांच्या पाया पडावं हे बरं. सगळ्यांना हळदकुंकू, आपट्याची पानं. डबा खिडकीखालच्या कोपऱ्यात ठेवला. ती जागा मी आधीच गुडघ्यांवर जाऊन शोधून ठेवलेली आहे.

बैठक आता एक दिवस वर, एक दिवस खाली. अय्यूबभाईंनी आधी हरकत घेतली होती, "सगळं वरच झालं तर मी मात्रा कोणाच्या मोजू?" म्हणून हा तोडगा.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज ईद. घर पाहुण्यांनी भरलेलं असूनही जमिला स्वतः शेवयांची खीर घेऊन वर आली. वाटी माझ्या हातात देऊन ह्यांना म्हणाली, "भाईसाहेब, काल दुपारी काय हात चालला तुमचा! माशाअल्ला! आमचे हे तर सोफ्यावरून उठायलाच तयार नव्हते. म्हणाले, बघ, पहिल्यासारखा झाला."

मी वाटी धरून उभी. ईदच्या तयारीमुळे काल बैठकच नव्हती, आणि दुपारी हे पनवेलला केस कापायला गेले होते. मी एकटीच होते आणि नव्या डब्यावर ती एकल तबल्याची सीडी लावली होती, जरा मोठ्यानेच.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नव्या कापलेल्या केसांवरून हात फिरवत, अगदी गंभीरपणे म्हणाले, "हो. काल जरा बरा बसला हात."

जमिला गेल्यावर मी हसून हसून खाली बसले. "लाज नाही वाटत?"

"लाज वाटते ना," हे म्हणाले. "आता तेवढं वाजवून दाखवावं लागणार मला." आणि पावडरचा डबा घेऊन आतल्या खोलीत गेले. माझा नवा डबा.

मी खीर गरम करायला ठेवली. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. गोल, भरदार, फरशीतून पावलांना कळणारा. पण सीडी आतल्या खोलीतून रिमोटनेही लावता येते, आणि ह्या माणसाचा काही भरवसा नाही. मी गॅस बारीक करून कान दिला. पहिलं आवर्तन स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्यात एक 'घे' सांडला, आणि आतून हलकेच "अरे!" ऐकू आलं.

हेच आहेत. मी दोन वाट्या घेतल्या आणि आत गेले.